महिपतीचं घरटं

खालच्या वाडीत एक भोळा गडी होता. नाव महिपती. अंगानं धडधाकट, मनानं निर्मळ, आणि सांगितलेलं तंतोतंत करणारा. हे शेवटचं फार वाईट. त्यापायी लग्न जमेना. आई देवापुढे बसून डोळे पुसायची आणि ते महिपतीला बघवायचं नाही.

शेजारी बिडवे गुरुजी राहायचे. शाळा सुटली तरी त्यांचं शिकवणं सुटत नसे.

"महिपती, निवड मादी करते. युगानुयुगं हेच चालत आलंय. मोर पिसारा फुलवतो, कारण लांडोर बघत असते. तूही काहीतरी दाखव!"

"दावतो की," महिपती म्हणाला.

पहिल्या स्थळाला मुलगी पोहे घेऊन आली. महिपती उठला. उपरणं दोन्ही हातांनी पाठीमागे पसरलं आणि गिरकी घेतली. बशा उडाल्या. पोहे मुलीच्या मामाच्या टोपीवर बसले. नकार तिथल्या तिथे मिळाला.

"अरे, नाचायचं नव्हतं!" गुरुजी कपाळाला हात लावून म्हणाले. "आपण पोसू शकतो, हे दाखवायचं. खंड्या पक्षी बघ. चोचीत मासा धरून मादीकडे जातो."

"आस्सं व्हय!"

दुसऱ्या स्थळाला महिपती तोंडात मासा धरून बसला.

"नाव काय पाव्हणं?" मुलीच्या बापानं विचारलं.

"म्म," महिपती म्हणाला.

"शेती किती?"

"म्म म्म."

मुलीनं तोंडाला पदर लावला आणि आत पळाली. घरातल्या मांजराला मात्र महिपती फार पसंत पडला. ते त्याला वेशीपर्यंत पोचवायला आलं.

"अरे देवा! खंड्याचं सोड," गुरुजी म्हणाले. "सुगरण पक्षी घे. नर घरटं विणतो. मादी येऊन आतून बाहेरून बघते. नाही आवडलं, तर तो रुसत नाही. मुकाट्यानं दुसरं विणायला घेतो."

तिसऱ्या स्थळाची माणसं आधी घर बघायला आली. मुलगी सगुणा, तीही आली. आईनं अंगण सारवलं होतं. 'देवा, एवढं जमू दे,' ती पुटपुटत होती. सगुणा घरभर फिरली.

"घर चांगलं हाय," ती म्हणाली. "सैपाकघरात तेवढा उजेड कमी वाटतो."

महिपती रुसला नाही. त्यानं शिडी लावली. दुसरं बांधायचं, तर आधीचं काढायला नको? तो छपरावर चढला आणि कौलं खाली टाकू लागला. मग वासे. पाहुणे चहाच्या कपांसकट अंगणात पळाले. बघता बघता भिंती तेवढ्या उरल्या.

"वाटोळं केलंस रं!" आई खाली बसून रडू लागली.

"चला, निघा," सगुणाचा बाप म्हणाला.

सगुणा हलली नाही. उघड्या सैपाकघरात उभी राहून ती वर बघत होती.

"आबा, मला पसंत हाय," ती म्हणाली. "आजवर घरात माझं कुणी ऐकलं न्हाई. तुमीबी न्हाई. ह्यानं एका शब्दावर छप्पर उतरवलं."

आईचं रडू थांबलं. तिनं घाईघाईनं साखर आणली आणि गलका ऐकून आलेल्या बिडवे गुरुजींच्याही हातावर ठेवली. गुरुजींची छाती फुगली. "बघा! शेवटी निवड मादीचीच!"

"व्हय," सगुणा हसून म्हणाली. "आता उजेडबी झकास पडतोय. फकस्त त्या शेजारच्या घरानं वारा अडतोय."

महिपतीनं शिडी खांद्यावर घेतली आणि गुरुजींच्या घराकडे निघाला.