स्वयंपाकघराचे परिपत्रक

सन १९९८, मे महिना. पुण्यात ऐन उन्हाळा, तर ऑस्ट्रियात वसंत सरत आलेला. तेथे तळ्याकाठी पंधरा दिवसांसाठी भाड्याने घेतलेल्या घरात अनसूयाबाई कर्णिकांनी बॅग उघडली आणि भाजणी, मेतकूट, गोडा मसाला व लिंबाचे लोणचे ओट्यावर मांडले. महिनाभर खपून त्यांनी हे डबे भरले होते.

धाकटे दीर यशवंतराव हे मंत्रालयातून निवृत्त झालेले उपसचिव. ते म्हणाले, "वहिनी, एवढ्या लांब येऊन थालीपीठ? लोक हसतील." एवढ्यावर न थांबता त्यांनी परिपत्रक लिहून फ्रिजवर चिकटवले : 'घरून आलेले काहीही या स्वयंपाकघरात वापरले जाणार नाही. डबे उद्या सकाळी कचऱ्यात जातील.'

अनसूयाबाईंनी चष्मा लावून ते दोनदा वाचले आणि त्या शांतपणे व्हरांड्यात जाऊन बसल्या.

संध्याकाळचे सात वाजले, तरी शेगडी थंडच. यशवंतराव विचारीत आले, "वहिनी, स्वयंपाकाचे काय?"

"भावोजी, हे दोन्ही हात मी घरूनच आणले आहेत. तुमच्या आदेशाप्रमाणे ते आत चालायचे नाहीत."

"मग मीच करतो."

"तुमचे हात तरी कुठले? कोथरूडचेच ना?"

शेजारी बसलेल्या अनसूयाबाईंच्या यजमानांना हसू आवरेना. त्या संध्याकाळी सर्वांनी कोरडा पाव चावला.

दुसऱ्या दिवशी, गुरुवार दिनांक २१ मे रोजी, पहिले परिपत्रक रद्द करणारे दुसरे परिपत्रक निघाले. त्यावर तेलाचा डाग होता, कारण सही करताना यशवंतराव तिसरे थालीपीठ खात होते.