ठकूआत्याचा खरा कायदा

विहिरीला अजून कठडाही नव्हता, इतक्या वर्षांपूर्वीची ही गोष्ट. कातळवेढे गावात ठकूआत्या नावाची सुईण होती. तिचा हात हलका आणि जीभ तिखट. येता-जाता ती कायदे सांगायची. "पापड वाळत घाला, आभाळ आलंच म्हणून समजा." "सुई शोधून सापडत नाही. शोधणं सोडा, टाचेत सापडते." "डब्यातलं पीठ संपलं, की पाहुण्याला आपलं घर आठवतं." गाव पोट धरून हसायचं.

पण एकदा पाणवठ्यावर ती म्हणाली, "जपलेली घागरच आधी फुटते," आणि त्याच क्षणी तीन बायकांच्या नव्या घागरी कमरेवरच फुटल्या, असं म्हणतात. त्या दिवसापासून कुणी हसलं नाही. आत्या दिसली की बायका लेकरांना पदराआड घ्यायच्या.

सगळ्यांत जास्त भ्यायची ती हौसा. तिची दोन बाळं डोळे न उघडताच गेली होती. आता तिसऱ्यांदा दिवस भरले होते. तिच्या सासूने, कोंडाबाईने, यंदा काही कमी ठेवलं नव्हतं. कुंची शिवली, दुपटी शिवली, पाळणा टांगला. ते सगळं बघून हौसाला ती जपलेली घागर आठवायची.

एका सकाळी कळा सुरू झाल्या. चुलीवर पाण्याचे हंडे चढले. दुपार कलली तरी सुटका होईना. मग बाळाची हालचालच थांबली. शेवटी आत्याला बोलवावं लागलं.

"हात चालव, ठकू. जीभ चालवलीस तर याद राख," कोंडाबाई दारातच म्हणाली.

आत्याने पदराचा बोळा तोंडात धरला आणि ती आत गेली. बराच वेळ घरात फक्त चुलीचा आवाज होता. हौसाचे हातपाय गार पडत चालले. तिला वाटलं, आत्याला काहीतरी कळलंय, म्हणूनच ती गप्प आहे. ते गप्प राहणं तिला सोसेना.

"आत्या, बोल गं. काय असेल ते बोल."

आत्याने बोळा काढला. "पोरी, पाहुणा पीठ संपल्यावरच येतो. कोंडे, हे सगळं घराबाहेर काढ."

"वेड लागलं काय गं तुला?"

"काढ म्हणते ना!"

कोंडाबाई उठली. तिने हंडे अंगणात उपडे केले. कुंची, दुपटी शेजारी गेली. पाळणा उतरला, चूल विझली. घरात बाळासाठी चिंधीसुद्धा उरली नाही, आणि तेवढ्यात लावलेलं दार आपोआप उघडलं, असं म्हणतात. हौसाने किंकाळी फोडली. तिच्यामागून दुसरी, बारीकशी किंकाळी उठली.

"बघा मेलीला! गुंडाळायला काही नाही म्हटल्यावर कशी धावत आली!" आत्या म्हणाली, आणि तिने स्वतःचा पदर टर्रकन फाडला.

आता कातळवेढ्यात पक्का रस्ता आहे. बाळंतपणं तालुक्याच्या दवाखान्यात होतात. तरी पोरीला घेऊन गाडी निघाली, की घरची म्हातारी पाण्याचा हंडा अंगणात उपडा करते आणि गावाला ऐकू जाईल असं ओरडते, "आमच्याकडे काही तयार नाही गं बाई!" मग ती दाराआड उभी राहते आणि आपण कुणाचीच वाट बघत नाही असं सोंग करते.