तळ्याकाठी थांबलेली सोंगटी

पूर्वी शोणावती नगरीत राजा सोमकीर्ती राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने सुतनु नावाच्या व्यापाऱ्याच्या रूपाने जन्म घेतला होता. तो कापडावर रंगवलेले खेळाचे पट विकत असे. त्यांवर तळी होती, धुक्यातली अरण्ये होती, रिकामे राजवाडे होते. माणसे फासे टाकत, सोंगट्या सरकवत त्यांत हिंडून येत आणि डोळ्यांत वेगळाच उजेड घेऊन घरी परतत.

पट कधीच पुरा होत नसे. दर चैत्रात तो जिथून घेतला त्या बाजारात आणायचा आणि सुतनूच्या चिताऱ्यांनी त्यावर पुढची घरे रंगवून द्यायची, अशी रीत होती.

हे पट नदीच्या घाटावरच्या जुन्या बाजारात विकले जात. तिथला धनी विक्रीतला मोठा वाटा ठेवून घेई. सुतनूला ते बोचे. टेकडीवर स्वतःचेच दुकान थाटावे, असेही त्याच्या मनात येई. तेवढ्यात वज्रनाभ नावाच्या धनिकाने वेशीबाहेर नवा बाजार वसवला. त्याने वाटा थोडाच मागितला आणि वर सोन्याची पेटी देऊ केली. पट मात्र फक्त त्याच्याकडे विकायचे, घाटावर चिताऱ्यांनी फिरकायचे नाही, अशी त्याची अट होती.

सुतनूचा मेहुणा चित्रक हरखून गेला. "दाजी, पट आपला आहे. गिऱ्हाईक येईल मागोमाग. जाईल कुठे?"

सुतनूला ते पटले. होकार कळवण्याआधी तो सकाळी घाटावर गेला. पाणी कुठे संपते आणि आकाश कुठे लागते ते कळत नव्हते. पैलतीरावरून आलेल्या नावेतून कुवलया नावाची म्हातारी कुंभारीण पट घेऊन उतरली. पायऱ्यांवर तिची मैत्रीण वाट पाहत होती. आता रंगकाम वेशीबाहेर, तेही तिथे घेतलेल्या नव्या पटांवरच होईल, असे सुतनूने त्यांना सांगितले.

"तिथवर चालत जायचं, तर संध्याकाळची नाव कोण धरून ठेवणार? तुझा सासरा?" म्हातारी हसली. मग तिने पटावर बोट ठेवले. "माझी सोंगटी या तळ्याकाठी थांबलीय. पलीकडचं तू रंगवशील म्हणून थांबलीय. तिला काय सांगू?"

सुतनु पटाकडे पाहत राहिला. आपणच त्या काठावर उभे आहोत आणि पुढे नुसते कोरे कापड आहे, असे त्याला वाटले. तो पायरीवर बसला. त्याने कुंचला मागवला आणि लव्हाळ्यांतून पलीकडे जाणारी वाट स्वतःच्या हाताने रंगवली.

मग तो वज्रनाभाकडे गेला. "घाटावर विकेन, टेकडीवर विकेन, जागा दिलीत तर इथेही विकेन. ज्याला जे सोयीचं. पेटी राहू द्या."

"मग लोकांनी माझ्याकडेच का यावं?"

"सावली द्या, पाणी द्या. येतील."

वज्रनाभाने जागा दिली नाही. चित्रक कितीतरी दिवस रुसून होता. त्या वर्षी सुतनूच्या घरात ओढाताण झाली, पण घाटावरचा एकही पट पुढच्या घरांवाचून राहिला नाही.

विहारात जमलेल्या भिक्षूंना तथागतांनी ही गोष्ट सांगितली. मग म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाची कुवलया म्हणजे आज विहाराला मडकी देणारी उपासिका. चित्रक म्हणजे आपला कोठी सांभाळणारा भिक्षू. वज्रनाभ म्हणजे कालच दीक्षा घेतलेला तो धनिक. आणि सुतनु मीच होतो. आपल्या भरवशावर थांबलेल्याला मागे टाकून न जाणे, यालाच मैत्री म्हणतात."