अंजिराची विसरलेली जुडी

फार पूर्वी दोन राज्यांच्या मध्ये एक डोंगर होता. डोंगराच्या अलीकडची माणसे पलीकडच्यांना परदेशी म्हणत, आणि पलीकडची माणसे यांना तेच म्हणत.

अलीकडच्या एका गावात एक कासार राहत असे. बांगडी भरताना त्याचा हात इतका हलका, की लहान मुलीही रडत नसत. पण अंगात पारा भरलेला. जेवायला बसला तरी त्याचा एक गुडघा उभाच असे. गावातले लोक म्हणत, याला बसायला पाट दिला तर हा पाटाभोवती फेऱ्याच घालील.

त्याची आई डोंगरापलीकडची. लग्न होऊन इकडे आली ती पुन्हा माहेरी गेलीच नाही. म्हातारपणी तिने एकच ध्यास घेतला. तिच्या माहेरच्या परसात अंजिराचे झाड होते. "त्याची काडी आपल्या अंगणात फुटलेली बघायची आहे रे," ती म्हणे. तिचे दिवस थोडे उरले होते, ते मुलालाही दिसत होते. म्हणून त्याने तट्टावर खोगीर चढवले आणि तो परमुलखाला निघाला.

हे तट्टू बोलत असे. त्या काळी पुष्कळ तट्टे बोलत, ऐकणारी माणसे मात्र तेव्हाही कमीच होती.

कासाराला आईचे माहेर सापडले, झाडही सापडले. त्याने काड्या तोडल्या, त्यांची जुडी ओल्या गोणपाटात गुंडाळली आणि परतीच्या वाटेवर डोंगराच्या पायथ्याशी एका धर्मशाळेत मुक्काम केला. धर्मशाळेचा म्हातारा मोठा आतिथ्यशील होता. पण त्या मुलखाची एक रीत होती. पाहुण्याला पाणी देण्याआधी त्याचे गाव, आळी आणि घराची खूण विचारायची. कासाराला हा भोचकपणा वाटला. त्याने तुटक उत्तरे दिली आणि पाणी पिऊन टाकले.

सकाळी त्याला कोण घाई. म्हाताऱ्याने दहीभाकरी पुढे केली, तर तो म्हणाला, "वाटेत खाईन." जुडी ओली राहावी म्हणून त्याने ती विहिरीच्या काठाशी ठेवली होती, ती तिथेच राहिली. घरी येऊन ओझे उतरवले तेव्हा कुठे ते त्याच्या ध्यानात आले.

आई त्याला म्हणाली, "अरे, येईल ती. आमच्याकडं पाहुण्याची वस्तू मागं राहिली म्हणजे पाहुणा अजून उठलाच नाही असं धरतात. यजमान स्वतः पोचवायला निघतो. तू बस जरा. माझ्या माणसांचं कसं काय चाललंय, ते तरी सांग."

"तुझ्या वेळचं माहेर राहिलं नाही आता, आई," कासार म्हणाला. "परमुलखात राहिलेली वस्तू कोण आणून देतं? ओल सुकायच्या आत मला गाठलं पाहिजे." आणि पायातल्या वहाणाही न काढता तो माघारी वळला.

डोंगर चढायला दोन वाटा होत्या. गाडीवाट लांबची, घाटाची पाऊलवाट जवळची. कासाराने पाऊलवाट धरली.

"मालक, ही वाट जवळची खरी," तट्टू धापा टाकत म्हणाले, "पण हिच्यावर येणारं-जाणारं कुणी भेटत नाही."

"मला कुणाला भेटायचंय?" असे म्हणून कासाराने त्याला टाच मारली.

धर्मशाळेत म्हातारा नव्हता. त्याची बायको दारात आली आणि चकित झाली. "भाऊ, तुम्ही इथं कसे? ते तुमच्याच घरी गेलेत की. जुडी डोक्यावर घेतली, वर ओला पंचा टाकला. घाटात हिसके बसतील म्हणून गाडीवाटेनं गेलेत. दोन घास खा आणि माघारी फिरा."

कावीळ झालेल्याला सगळे पिवळेच दिसते. कासाराच्या मनात आले, तरीच मेल्याने माझे गाव विचारून घेतले. मी किती लांबचा आहे, हे त्याला आधी कळायला हवे होते ना. तो तडक त्या राज्याच्या कोतवालाकडे गेला. कोतवाल हसला आणि म्हणाला, "काड्यांची चोरी? आमच्याकडं काड्या चुलीत घालतात, बाबा." कुणीतरी सांगितले, पुढच्या बाजारात एक माळी अंजिराची रोपे विकतो. कासार तिकडे धावला. माळी भलताच निघाला. मग त्याच्याही पुढचा बाजार, आणि त्याच्याही पुढचा.

"मालक," एकदा तट्टू म्हणाले, "आईच्या माहेरचं झाड जागच्या जागी उभं आहे. दुसऱ्या काड्या तोडू आणि घरी जाऊ."

"म्हणजे चोर मोकळाच सुटला की. मला माझीच जुडी पाहिजे," कासार म्हणाला.

आई त्याच्या मनातून गेली नव्हती, पण जुडीच्या मागे कुठेतरी पडली होती. रात्री तो अंथरुणावर तळमळे आणि उजाडायच्या आत खोगीर आवळी.

एके दिवशी एक गाडीवान त्याला थांबवून म्हणाला, "बांगडीवाले कासार तुम्हीच का? धर्मशाळेच्या बाबांनी वाटेवर सगळ्यांना सांगून ठेवलंय. तुमची जुडी तुमच्या आईच्या हातात पोचली."

गाडी पुढे गेल्यावर कासार तट्टाला म्हणाला, "त्याचाच माणूस दिसतो. मला वाटेला लावायला बघतोय."

"दोघांनी सांगितलेलं जुळतंय, मालक. एकदा घरी जाऊन तर बघा."

कासाराने ऐकले नाही.

थंडी सरली, उन्हे तापली. बाजार संपले, पैसेही संपले. तेव्हा कुठे दुसरे काही करण्यासारखे उरले नाही म्हणून तो घराकडे वळला.

अंगणात अंजिराचे रोप उभे होते. त्याला तळहाताएवढी पाने आली होती. शेजारची काकू त्याला पाणी घालत होती.

"काकू, आई कुठं आहे?"

काकूने तांब्या खाली ठेवला. "तू गेलास आणि दुसऱ्याच दिवशी जुडी आली बघ. म्हातारबाबा इथंच ओसरीवर बसले. तुझ्या आईनं माहेरची बोली किती वर्षांनी ऐकली, दुपारभर दोघं बोलत होते. तुझी वाट बघून बघून ते गेले. तिनं स्वतःच्या हातानं माती उकरून काडी लावली. पहिलं पान फुटलं तेव्हा मला हाक मारून दाखवलं. त्यानंतर मात्र तिचं झाडाकडं लक्षच नव्हतं, सारखी रस्त्याकडं बघत बसायची. म्हणायची, 'जुडी घरी आली गं, माझं पोर कुठं राहिलं?' गेल्या अमावास्येला गेली. शेवटपर्यंत हेच विचारत होती."

कासार रोपापाशी मटकन बसला आणि लहान मुलासारखा रडला. पुढे त्या झाडाला अंजिरे धरली. सगळ्या आळीने खाल्ली, गोड आहेत म्हणून वाखाणली. कासाराच्या घशाखाली मात्र त्यातले एकही कधी उतरले नाही.

म्हणून, लहानांनो आणि थोरांनो, हरवलेल्या वस्तूमागे इतके धावू नये, की घरी वाट पाहणाऱ्यांसाठी आपणच हरवून जाऊ.