गोमायने डोक्यावरून नेलेलं दार

फार वर्षांपूर्वी, तांबळखाडीत अजून एकाही घरावर कौलं चढली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. खाडीच्या तोंडाशी गोमाय नावाची म्हातारी राहायची आणि मासे सुकवायची. घरात ती, तिचा मुलगा सोमा आणि नवी सून येसू. येसू वरच्या गावची, शेतकऱ्याची लेक. सोमा होडी घेऊन गेला की तो परतेपर्यंत तिच्या घशाखाली घास उतरत नसे.

एकदा सोमा असाच समुद्रावर गेलेला असताना गोमायचे बोंबील तीन दिवस वाळेनात. ऊन कडक, तरी मासा ओलाच. चौथ्या सकाळी खेकडे अंगणात चढून आले. गोमायने एक बोंबील उचलून कानाशी धरला आणि सांगितलं की तुफान येतंय, दुपारच्या आत डोंगर गाठायचा. बोंबलानेच तिला दिवस आणि वेळ सांगितली, असं म्हणतात.

गाव हसलं नाही, कारण गोमायचा बोंबील कधी खोटं बोलला नव्हता. घरोघर बांधाबांध सुरू झाली. दोघी सासू-सुनांनी बियाण्याचं भात आणि मीठ मडक्यांत भरून तोंडं बांधली, भांडी तुळशीजवळ पुरली, शेळ्या सोडल्या, चुलीतले निखारे राखेत झाकून घेतले. बाकीच्यांनी निघताना दारं ओढून सुंभाने करकचून आवळली, चोर शिरू नये म्हणून. तुफानात कुठला चोर घराबाहेर पडणार? पण सवयीपुढे शहाणपण चालत नाही.

सगळं बांधून झालं आणि येसू उंबऱ्यावर बसली ती उठेना.

"ते इले आणि घरात कोणच नसला, तर खंय जातले?" ती म्हणाली.

मुलाची काळजी गोमायलाही होतीच. तिने दाराकडे पाहिलं. फणसाच्या फळ्या जोडून ते सोमाने स्वतःच्या हाताने केलं होतं.

"चेडवा, दारच वांगडा नेऊया," ती म्हणाली. "तेका दार ओळखीचा आसा. दार आसा थंय तो येतलो."

तिने डोक्यावर चुंबळ ठेवली, चौघांना न पेलणारं ते दार खोबणीतून उचललं आणि डोंगर चढू लागली. येसू निखारे आणि पेजेचं मडकं घेऊन मागोमाग निघाली.

वर दोन खडकांना टेकवून गोमायने दार आडवं ठेवलं. तुफान आलं तेव्हा दोघी त्याखाली शिरल्या. मग शेजारी आले, मग वाडी आली, मग शेळ्या आल्या. माणूस आलं की दार वीतभर वाढायचं, असं म्हणतात. येसू मात्र कोणाचं तरी पोर मांडीवर घेऊन सारखी कान देऊन बसली होती.

खाली आवळलेली घरं वाऱ्याने उचलून नेली. दारं तेवढी उभी राहिली. गोमायच्या घरात वारा पुढून शिरला, मागून गेला आणि जाताना घर झाडून गेला, असं म्हणतात.

सकाळी उघाडलं, येसूने निखारे फुंकून पेज गरम केली आणि दाराची कडी वाजली. सोमाने डोंगरापलीकडच्या खाडीत होडी घातली होती. माणसांच्या शोधात तो चढून आला, तर माळावर आपलंच दार. बाजूने वाकून बघायचं सोडून त्याने सवयीने कडी वाजवली.

येसूला आधी रडू आलं, मग हसू. "दार उघडाच आसा," ती आतून म्हणाली. "येवा, पेज गरम आसा."

तांबळखाडीत अजूनही दारं खिळ्यांनी पक्की करत नाहीत. पावसाळ्याच्या तोंडावर एक दिवस घरं सताड उघडी टाकून सगळं गाव बोचकी घेऊन डोंगरावर जातं. एक दार न्यावंच लागतं. त्याला सहा गडी लागतात आणि सहाही जण गोमायच्या मानेचं नवल करतात. वर पेज शिजते, पण कोणी वाढून घेत नाही. त्या वर्षी लग्न झालेला एकजण मुद्दाम मागे राहिलेला असतो. तो सावकाश चढून येतो, कडी वाजवतो, आणि त्याची बायको दाराआडून येसूचे शब्द म्हणते.

मगच पेजेत पळी बुडते.