मोरगडाचा सभ्य पहारेकरी

बोरतळं नावाचं एक गाव होतं आणि त्या गावात एक भोळा हमाल होता. त्याचं नाव सोपान. क्विंटलचं पोतं पाठीवर घेऊन आडत दुकानाच्या पायऱ्या सरसर चढेल असा गडी. पण सांगितलेली गोष्ट जशीच्या तशी करायची, एवढंच त्याला ठाऊक. मालक म्हणाला, "पोत्यावर लक्ष ठेव." झालं! हा दिवसभर पोत्यासमोर बसला आणि पोत्याकडे बघत राहिला. शेजारून बैलानं गव्हाची रास खाल्ली तरी पठ्ठ्यानं मान वळवली नाही. बैलावर लक्ष ठेव असं कोण म्हणालं होतं?

गावात त्याला सगळे सोप्या म्हणायचे. सोप्या, इकडं ये. सोप्या, तिकडं हो. सोप्या, तुला काय कळतंय, गप बस. अहो, त्याची बकरीसुद्धा त्याचं ऐकायची नाही.

त्याच गावात हौसाक्कांची पिठाची गिरणी होती. दुपारी गिरणी बंद झाली की आक्का मोबाइलवर एक खेळ खेळायच्या. खेळाचं नाव 'सातबुरूज'. त्यात प्रत्येकानं एक सोंग घ्यायचं आणि तसंच बोलायचं, तसंच वागायचं. कुणी सरदार, कुणी वैद्य, कुणी चोर. हौसाक्का मोरगडाच्या किल्लेदार! हाताखाली चाळीस माणसं. कुणी नागपूरचं, कुणी कणकवलीचं, एक तर दुबईत बसलेला. त्यांचं मंडळ होतं आणि मंडळाचे नियम कडक होते. खेळात प्रत्येकाला अहो-जाहो करायचं. खेळ चालू असताना फोन करून कुणी कुणाला काही सांगायचं नाही. चार चुका माफ, पाचव्या चुकीला नाव कायमचं कट.

मोरगडाच्या दाराला पहारेकरी हवा होता. आक्कांनी विचार केला, जागचा न हलणारा माणूस आपल्या गावात एकच आहे. त्यांनी सोपानला घेतलं.

पहिल्याच दिवशी चाळीस जणांनी लिहिलं, "या सोपानराव!"

सोपानराव! सोपाननं ते अकरा वेळा वाचलं. मग मोबाइल छातीशी धरून तो रडला. हे दार आपण मरेपर्यंत सोडायचं नाही, असं त्यानं ठरवून टाकलं.

आक्कांनी बजावलं, "हे बघ, दारात कुणी आलं की आधी नमस्कार करायचा. कुठून आलात, जेवलात का, अशी चौकशी करायची. आपलं मंडळ सभ्य आहे."

"व्हय आक्का."

दुसऱ्या दिवशी दारात राक्षस आला. तीन डोकी, हातात झाड.

सोपाननं लिहिलं, "नमस्कार. कुठून आलात? जेवलात का?"

राक्षस जेवला नव्हता. त्यानं सोपानला खाल्लं, मग किल्ल्यातल्या चौदा गाई खाल्ल्या, आणि जाताना दार नेलं. खेळात मेलेला माणूस दुसऱ्या दिवशी जिवंत होतो म्हणून बरं.

सकाळी सोपान दळण घेऊन गिरणीत गेला. आक्कांनी भिंतीवर खडूनं एक रेघ ओढली.

"अरे बाबा, राक्षसाला कुणी जेवलात का विचारतं? अनोळखी तोंड दिसलं की तलवार काढायची, बोंब मारायची, सगळ्यांना गोळा करायचं आणि हाणायचं!"

"असं व्हय? आधी सांगायचं की आक्का."

त्या दुपारी मंडळात एक नवे गृहस्थ आले. पोस्टातून निवृत्त झालेले, स्वभावानं गरीब. नातवानं खेळ लावून दिला होता. कुंभाराचं सोंग घेऊन, डोक्यावर मडकी घेऊन, ते हळूहळू दाराशी आले आणि म्हणाले, "आत येऊ का?"

अनोळखी तोंड! सोपाननं तलवार काढली आणि बोंब मारली. चाळीस जण हातातलं काम टाकून धावले. कुणाला हाणायचं हे कुणी विचारलं नाही, सगळ्यांनी हाणलं. मडकी फुटली. कुंभारकाका खेळ सोडून गेले आणि चार दिवस नातवाशी बोलले नाहीत.

दुसरी रेघ.

"सोपान, सोपान! तो माणूस होता रे! माणसावर हात टाकायचा तर आधी त्याची परवानगी घ्यायची. तो हो म्हणाला तर पुढं, नाही म्हणाला तर मागं. हा तर आपल्या मंडळाचा सगळ्यांत मोठा नियम."

"माणसाला विचारायचं. कळलं आक्का."

मग चोर आला. दाणागोटा सगळा पोत्यात भरून, पोतं पाठीवर घेऊन, भर दुपारी दारातूनच निघाला.

सोपान आडवा झाला. "नमस्कार. आपण चोर का?"

"हो," चोर म्हणाला.

"आपल्याला पकडायची परवानगी आहे का?"

चोर जरा विचारात पडला. असं त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं. "नाही," तो म्हणाला.

"बरं," सोपान म्हणाला आणि बाजूला झाला. चोराला पोतं नीट उचलता येत नव्हतं. सोपान शेवटी हमाल. त्याला ते बघवेना. त्यानं हात लावला.

तिसरी रेघ ओढताना खडू मोडला.

"अरे, चोराला कसली परवानगी? काही वाईट घडताना दिसलं की तू त्यात पडूच नको! मोबाइलवर फोटो काढायचा आणि मला पाठवायचा. पुढचं मी बघते."

"पडायचं नाही. फोटो काढायचा."

दोन दिवसांनी मोरगडाच्या वैद्य गोदूबाईंना जंगलात रानडुकरानं धरलं. बिचाऱ्या सरपटत दाराशी आल्या. "सोपानराव, हात द्या हो!"

सोपाननं फोटो काढला. मग दुसरा काढला. तिसऱ्यात गोदूबाईंचा चेहरा नीट येईना तेव्हा म्हणाला, "जरा डावीकडं सरका." असे सतरा फोटो झाले. शेवटच्या पाचात गोदूबाई मेलेल्या होत्या.

चौथी रेघ.

या वेळी आक्का ओरडल्या नाहीत. जात्याजवळ खाली बसल्या. "सोपान, आता एक चूक आणि तुझं नाव कट. मंडळ ऐकणार नाही. माझासुद्धा इलाज नाही."

म्हणजे पुन्हा सोप्या? दिवसभर सोप्या, आणि रात्री झोपतानाही सोप्याच? त्याचे डोळे भरले. "आक्का, काय करायचं ते एकदा नीट सांगा. तसंच करतो. देवाशपथ."

"दाराशी कुणी धापा टाकत, तडफडत आलेलं दिसलं की काही बोलायचं नाही, त्यालाही बोलू द्यायचं नाही. उचलायचं, आत आणायचं, दार लावायचं, औषध पाजायचं. कोण, कुठला, कशाला आला, हे सगळं नंतर विचारायचं. काय?"

"उचलायचं, आत आणायचं, दार लावायचं, औषध पाजायचं. मग विचारायचं."

घोकत घोकत तो घरी गेला. दळण गिरणीतच राहिलं.

रविवारी वर्षाची मोठी लढाई होती. शेजारच्या रानगडाची साठ माणसं मोरगडावर चालून येणार होती. संध्याकाळी सहापर्यंत किल्ला राखला तर मोरगड वर्षभर आपला. गेला तर मंडळ मोडणार, चाळीस माणसं चाळीस दिशांना.

दुपारी तीनला लढाई जुंपली. आपले चाळीस जण तटावरून बाण मारू लागले. काय नेम, काय नेम! रानगडाचा एकेक गडी खाली लोळू लागला. "पडला, पडला!" तटावर नुसता जल्लोष.

खाली दाराशी सोपान. त्याच्यासमोर तडफडणारी माणसंच माणसं! त्यानं मनात एकदा धडा म्हटला आणि कामाला लागला. उचलला, आत आणला, दार लावलं, औषध पाजलं. दार उघडलं, दुसरा उचलला. गोदूबाईंचे औषधाचे नऊ रांजण होते, त्यातले आठ संपले. वरचे दमले पण हा दमला नाही. पोती उचलायची सवय होती ना.

सहाला दहा मिनिटं कमी असताना मैदान रिकामं झालं. "जिंकलो!" म्हणत चाळीस जणांनी मागं वळून पाहिलं.

किल्ल्याच्या चौकात रानगडाची साठ माणसं बसली होती. ठणठणीत.

त्यांचा सरदार उधाणराव उठून उभा राहिला. पण तोही नियमाचा पक्का. 'सातबुरूज'मध्ये ज्याच्या हातचं औषध घेतलं, त्याच्या परवानगीशिवाय त्याच्या किल्ल्याला हात लावता येत नाही. उधाणराव वाकून म्हणाला, "सोपानराव, आपण आम्हाला जीवदान दिलंत. आपली परवानगी असेल तरच आम्ही हा किल्ला घेऊ. नाहीतर इथूनच परत जाऊ."

म्हणजे सोपाननं नुसतं 'नाही' म्हणायचं होतं. किंवा काहीच म्हणायचं नव्हतं. दहा मिनिटं गप्प बसला असता तरी किल्ला वाचला असता!

तटावरच्यांचा आवाज चौकात ऐकू जात नाही, खेळच तसा होता. चाळीस जण डोकं बडवू लागले. आक्कांनी स्वतः केलेला नियम स्वतः मोडला आणि सोपानला फोन लावला. त्यानं कापला. आणखी एकदा लावला. पुन्हा कापला. खेळ चालू असताना फोनवर बोलायचं नाही म्हणजे नाही. तो उधाणरावाचं 'सोपानराव' पुन्हा पुन्हा वाचत बसला होता.

आक्का उठल्या आणि पळत सुटल्या. गिरणी उघडी टाकून, डोक्यापासून पायापर्यंत पिठानं पांढऱ्या, पदर कमरेला, चप्पल एकाच पायात. गिरणी गावाच्या या टोकाला, सोपानचं घर त्या टोकाला. लोक म्हणाले, आक्कांना काय झालं? आक्कांना सांगायला दम कुठे होता?

त्या सोपानच्या दारात पोचल्या आणि चौकट धरून उभ्या राहिल्या. छाती भात्यासारखी हलत होती. "सो... सोपान... ना... ना..."

सोपाननं बघितलं. दाराशी माणूस. धापा टाकतंय. तडफडतंय.

"बोलू नका आक्का! एक शब्द बोलू नका!"

त्यानं आक्कांना पोत्यासारखं खांद्यावर उचललं. आत आणलं. खाटेवर बसवलं. दार लावलं, वर कडी घातली. चुलीवर आईनं खोकल्यासाठी केलेला अडुळशाचा काढा होता. त्यानं तांब्याभर काढा आक्कांच्या तोंडाला लावला. आक्का जोरजोरात मान हलवत होत्या. सोपान प्रेमानं म्हणाला, "कडू आहे, पण घ्यायचा. तुम्हीच सांगितलंय." आणि त्यानं तांब्या वर केला.

एका हातानं तांब्या धरून त्यानं दुसऱ्या हातानं मोबाइल घेतला. उधाणराव अजून वाकूनच उभा होता. 'परवानगी असावी.'

सोपाननं मोबाइल आक्कांच्या डोळ्यांसमोर धरला. "आक्का, बघा तरी! मला विचारतायत. जन्मात मला कुणी काही विचारलं नव्हतं. एवढा मोठा सरदार, साठ माणसांचा धनी, आणि माझी परवानगी मागतोय! अशा माणसाला नाही कसं म्हणायचं?"

आक्कांच्या तोंडात काढा होता. त्यांनी हातवारे केले, पाय आपटले.

सोपाननं लिहिलं, "घ्या की उधाणराव. त्यात काय विचारायचं. आपलाच किल्ला आहे."

मोरगडावर रानगडाचा झेंडा चढला तेव्हा सहाला तीन मिनिटं कमी होती. चाळीस जणांचं मंडळ तिथल्या तिथं मोडलं.

तांब्या रिकामा झाला. आक्कांचा दम परत आला, चेहऱ्यावर रंग आला, म्हणजे औषध लागू पडलं. सोपानला फार बरं वाटलं. आज पहिल्यांदाच सगळं सांगितल्याप्रमाणे झालं होतं. एवढी एकच गोष्ट राहिली होती, ती करायला तो आक्कांसमोर हात जोडून बसला.

"आता बोला आक्का. कशाला आला होता?"