नवव्याची सपाटी

थांबा, उतरा. इथून पुढे सायकलीवर बसून जात नाहीत. हा तांबडा दगड दिसतो ना, याला नवव्याचा दगड म्हणतात. इथून धारजाईच्या देवळापलीकडच्या वळणापर्यंतची जी दोनशे पावलांची वाट, ती नवव्याची सपाटी. सगळा घाट तोंडाला फेस येईस्तोवर चढायचा आणि सपाटी लागली की सायकल खांद्यावर घ्यायची, हा कुठला न्याय, असं सगळेच पाहुणे विचारतात. मी या गावात बत्तीस वर्षं मास्तर होतो. मलाही कळायला वेळ लागला, आणि सगळं कळलं असं आजही छातीठोक सांगणार नाही.

असं सांगतात की महायुद्ध संपत आलं तेव्हा घाटाखाली गोऱ्या पलटणीची छावणी होती. खिंडीपलीकडे आमचं गाव. गावचा भिवा सणस छावणीला दूध घालायचा. आधी कावड खांद्यावर घेऊन जायचा, आणि पोचेपर्यंत ऊन वर येऊन निम्मं दूध नासायचं. मग एक सोल्जर बदलीवर जाताना आपली शर्यतीची सायकल त्याला देऊन गेला. विलायती, मेंढ्याच्या शिंगांसारख्या वाकड्या हँडलची. तिच्यामुळे भिवाच्या घरात दोन वेळा चूल पेटू लागली. त्याची बायको ठकू तर दर शुक्रवारी तिला हळदकुंकू लावायची, म्हणे.

छावणीतला एक साहेब दोन खिशांत दोन घड्याळं बाळगायचा. गाव त्याला घड्याळसाहेबच म्हणे. त्याच्या मुलखात सायकलींच्या शर्यती भल्या सकाळी, काळे कपडे घालून, चोरीला निघाल्यासारख्या लावत. तशीच शर्यत त्याने इथं लावली, छावणीपासून देवळापर्यंत. आठ गोरे आणि नववा भिवा. साहेबाने प्रत्येकाच्या पाठीवर आकड्याचं फडकं टाचलं. भिवाच्या पाठीवर आला नऊ.

आता आपल्यात नंबर म्हणजे काय, तुम्हीच सांगा. पोरगं निकाल घेऊन आलं की आपण विचारतो, कितवा नंबर? जमलेले लोक खवळलेच. "आरं, शर्यत लागायच्या आदीच नववा नंबर? मग पळायचं तरी कशाला?"

भिवाचंही डोकं फिरलं. त्याने वर खिंडीतल्या धारजाईच्या देवळाकडे तोंड करून हात जोडले. "आई, ह्यांचा नंबर खोटा पाड. पयला आलो तर ही सायकलच तुझ्या पायाशी घालतो." रागाच्या भरात माणूस काय बोलून बसेल याचा नेम नाही.

एक घड्याळ खाली शिपायाच्या हाती देऊन साहेब मोटारीने वर गेला. शिपाई एका वेळी एकालाच सोडू लागला. एक गेला की मिनिटभराने दुसरा. भिवाला सगळ्यांत शेवटी. लोक म्हणाले, ही तर उघड उघड लबाडी.

इकडे देवळाशी एकेक करून आठही गोरे येऊन पोचले, आणि आठव्याच्या हातभर मागे भिवा. पाठीवर नऊ, आला नववा. लोकांनी माना खाली घातल्या. तेवढ्यात साहेब घड्याळ नाचवत आला आणि भिवाचा हात धरून वर केला. पहिला, म्हणे, हाच!

उशिरा निघाला तेवढी मिनिटं वजा करायची असतात, हे गणित मला आज समजतं. तेव्हा कोणाला समजणार? कुणी म्हणालं साहेब चेष्टा करतोय, कुणी म्हणालं हरलेल्याची समजूत घालतोय. गोरे सायकली ट्रकात टाकून खाली निघून गेले. साहेबाने जाताना एक कागद लिहून भिवाच्या हातात दिला. देवीचा गोंधळ वर्षातून एकदा होतो, त्या वर्षी दोनदा झाला म्हणायचा.

भिवा मात्र पेचात पडला. पहिला असेल तर सायकल देवीची, आणि सायकल गेली की पुन्हा कावड. नववा असेल तर सायकल राहील, पण मग नववाच. गुरवाने देवीच्या अंगावर दोन बाजूंना दोन कळ्या चिकटवून कौल लावला. उजवी कळी पडली तर पहिला, डावी पडली तर नववा. दोन्ही कळ्या एकदमच पडल्या, असं सांगतात. गुरवही देवीच्या तोंडाकडे बघत राहिला.

वाट काढली ती ठकूने. "देवी बगतीया तवर सायकल तिची. तिच्या नजरंआड झाली की आपली. तिच्या म्होरनं बसून जायाचं न्हाई, उचलून न्यायाची."

तेव्हापासून भिवा या दगडापासून त्या वळणापर्यंत सायकल खांद्यावर घेई. जाताना आणि येताना, पंचेचाळीस वर्षं. गावात दुसरी सायकल आली, तिचा मालकही उतरला. तिसऱ्याने विचारलंच नाही.

तो कागद भिवाने कधी कुणाला वाचू दिला नाही. मी शेजारीच राहत होतो, पण मलाही नाही. तो गेल्यावर तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी ठकूआक्का कागद घेऊन माझ्याकडे आल्या. नऊ नावं होती. नवव्या नावापुढे सगळ्यांत कमी वेळ होता आणि खाली दोन रेघा मारून लिहिलं होतं, पहिला. मी मोठ्याने वाचलं. त्यांनी कागदाची घडी घातली. "म्हंजी तिचीच हुती," एवढंच म्हणाल्या. आणि सत्तरीच्या त्या बाईने सायकल स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि देवळात नेऊन ठेवली. ती बघा, खांबाला टेकवलेली आहे.

मी मास्तर माणूस, हिशेबाने बोललो. म्हटलं, "आक्का, नवस फिटला. आता लोकांनी बसून जायला काय हरकत?"

त्या म्हणाल्या, "मास्तर, शर्यतीच्या दिसाला आठ फुडं आलं आनि ह्ये नववं. म्हनून तर देवीच्या डोळ्याम्होरनं शेवटची सायकल चालली ती ह्यांची. ती तशीच शेवटची ऱ्हाऊ द्या."

आजही ती तशीच आहे. उचला तुमची सायकल, चला.